फोटोचं बिल

(एका व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, समोरचे दिवे थोडे कमी करता येतील का? हं. आता दिसेल नीट.

हा फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असणार. गरुड तेजोमेघातले तीन खांब. हबल दुर्बिणीनं १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेले. अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं. वायू आणि धुळीचे हे खांब एवढे उंच की एका टोकाचा प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचायला काही वर्षं जातात. हा फोटो पोस्टरवर आला, टी-शर्टवर आला, टपाल तिकिटावरसुद्धा आला. पण आज खांबांकडे बघू नका. उजवीकडचा वरचा कोपरा बघा. तिथे फोटोच नाही. पायऱ्या पाडल्यासारखा काळा तुकडा आहे.

त्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते. तीन सारखे. चौथा जास्त बारकाईनं बघणारा, त्यामुळे आकाशाचा लहानसाच तुकडा बघणारा. चौघांचं मिळून एक चित्र करायचं तर चौथ्याचा भाग आकसून बसवावा लागतो आणि उरलेली जागा रिकामी राहते. पुष्कळ छापील प्रतींत फोटो असा कातरतात की हा कोपरा दिसतच नाही. मला मात्र तो आवडतो. हे चित्र एका यंत्रानं काढलंय आणि त्या यंत्राला कुणीतरी ठरवून दिलेल्या मर्यादा होत्या, हे तो कोपरा विसरू देत नाही.

अशा कार्यक्रमांनंतर मला दोन प्रश्न हमखास येतात. मुलं विचारतात, हे रंग खरे आहेत का? मोठी माणसं विचारतात, एवढ्या पैशात किती जणांची पोटं भरली असती? आधी पोटोबा, मग विठोबा, असं आपण म्हणतोच. हा दुसरा प्रश्न बरेच वक्ते हसण्यावारी नेतात. मी आज दोन्ही घेणार आहे, आणि मुलांचा आधी, कारण त्याचं उत्तर कळलं की मोठ्यांचा प्रश्न जरा नेमका विचारता येतो.

तर रंग. हबलचा कॅमेरा रंगीत फोटो काढत नाही. तो काळापांढराच काढतो, पण पुढे एकेक गाळणी लावून. एक गाळणी गंधकाच्या अणूंचा प्रकाश आत सोडते, एक हायड्रोजनचा, एक ऑक्सिजनचा. मग संगणकावर गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देऊन तिन्ही एकावर एक ठेवतात. गंमत अशी की हायड्रोजनचा तो प्रकाश डोळ्याला लालच दिसतो. इथे तो हिरवा केलाय, कारण गंधकाचाही लालच असतो आणि दोघांना वेगळं दाखवायचं होतं. म्हणजे रंग मनचे नाहीत, पण तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात तर असं काही दिसणार नाही. नकाशात जंगल हिरवं आणि वाळवंट पिवळं दाखवतात, तसा हा प्रकार. जेम्स वेब दुर्बिणीचं तर विचारूच नका. तिचा बहुतेक प्रकाश अवरक्त, आपल्या डोळ्याला न दिसणारा. तिथे सगळेच रंग भाषांतरित.

आता महत्त्वाची गोष्ट. खगोलशास्त्रज्ञाला त्याच्या रोजच्या कामात असं चित्र फारसं लागत नाही. त्याला आकडे लागतात, वर्णपट लागतो. हे चित्र कामाच्या शेवटी कुणीतरी बसून, पुष्कळ मेहनतीनं आणि चांगल्या नजरेनं तयार करतं. ते तुमच्यासाठी असतं. तुमच्यासाठी म्हणजे ज्यांच्या करातून दुर्बीण उभी राहते त्यांच्यासाठी. १९९८ मध्ये तर हबलच्या शास्त्रज्ञांनी खास सुंदर चित्रं काढण्यासाठीच एक वेगळा उपक्रम सुरू केला. मी याला फसवणूक म्हणत नाही. पण चित्र आणि पैसा यांचं नातं फार जवळचं आहे, एवढं लक्षात ठेवू या.

हे नातं कसं जुळलं ते बघण्यासारखं आहे, कारण हबलची सुरुवात हसं होण्यापासून झाली.

अवकाशात दुर्बीण ठेवावी ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९४६ मध्ये मांडली. तेव्हा पहिला कृत्रिम उपग्रहसुद्धा अकरा वर्षं लांब होता. वातावरण तारे लुकलुकवतं, अवरक्त आणि अतिनील प्रकाश अडवतं. त्याच्या वर जा, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्ष पैसे मागायची वेळ सत्तरच्या दशकात आली. अमेरिकी काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, एका समितीनं १९७४ मध्ये निधी कापला. स्पिट्झर आणि जॉन बाकॉल हे दोघं खगोलशास्त्रज्ञ प्रतिनिधींच्या दारोदार फिरले. तीन मीटरचा आरसा २.४ मीटरवर आणला. युरोपीय अवकाश संस्थेला सोबत घेतलं. तिनं सुमारे १५ टक्के भार उचलायचा आणि तेवढ्याच प्रमाणात निरीक्षणाचा वेळ घ्यायचा. शेवटी १९७७ मध्ये मंजुरी आली.

नासाच्या पहिल्या खगोलशास्त्र प्रमुख नॅन्सी ग्रेस रोमन यांना त्या काळात विचारलं गेलं होतं की सामान्य करदात्यानं याचे पैसे का भरावेत. त्यांचं उत्तर असं होतं की एका रात्रीच्या सिनेमाच्या खर्चात प्रत्येक अमेरिकनाला पंधरा वर्षं नवे शोध मिळतील. उत्तर हजरजबाबी आहे, मान्य. पण हा हिशेब मला पटत नाही. कुठलाही खर्च तेहतीस कोटी माणसांनी भागला की तो स्वस्तच दिसतो. वेबचे दहा अब्ज डॉलर भागा, माणशी तीस डॉलर येतात, तेही वीसेक वर्षांत मिळून. या पद्धतीनं तुम्ही कुठलाही निरुपयोगी पूलसुद्धा मंजूर करून घ्याल.

असो. दुर्बीण बांधून तयार झाली आणि २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं. हबलला वर नेणार होती ती शटल यानं, सगळीच्या सगळी जमिनीवर बसली. हबल एका स्वच्छ खोलीत पडून राहिली, आणि नुसती पडून राहण्याचा खर्च महिन्याला सुमारे ६० लाख डॉलर. एप्रिल १९९० मध्ये ती एकदाची वर गेली. तोवर खर्च दीड अब्जाच्या घरात पोचला होता.

आणि पहिली चित्रं धूसर निघाली.

आरशाची कड २.२ मायक्रॉननं जास्त सपाट घासली गेली होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाच्या केसाची जाडी पन्नास-शंभर मायक्रॉन. एवढ्याशा चुकीनं ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत न येता भोवती पसरत होता. चूक का झाली? आरसा तपासण्याचं जे उपकरण होतं त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. म्हणजे आरसा अचूक घासला गेला, चुकीच्या मापानं. याहून वाईट म्हणजे दुसऱ्या, साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती. पण ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचं ऐकलं नाही. आणि संपूर्ण दुर्बीण जोडून एकदा ताऱ्यासारख्या प्रकाशावर तपासून बघायची, तर ती चाचणी महाग पडते म्हणून झालीच नाही. काटकसर अशी नडते. तेव्हा एक पर्यायी आरसाही दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलेला होता. तो आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलाय. त्याची घडण ठीक होती असं सांगतात. चुकलेला वर गेला, बरोबर असलेला खाली राहिला.

रात्रीच्या टीव्हीवरच्या विनोदकारांना वर्षभराचा खुराक मिळाला. काँग्रेसमध्ये नासाला फैलावर घेतलं गेलं. सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांच्या राज्यातूनच दुर्बिणीचं काम चालायचं, तरी त्यांनीही तिची जाहीर टर उडवली.

दुरुस्तीची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सांगतो. आरसा बदलणं शक्य नव्हतं. मग जसं डोळ्याला चष्मा लावतात तसं दुर्बिणीला काहीतरी लावायचं. प्रश्न असा की ते छोटे आरसे आत, प्रकाशाच्या वाटेत, नेऊन उभे कसे करायचे? जेम्स क्रॉकर नावाचे अभियंता जर्मनीत एका हॉटेलात उतरले होते. न्हाणीघरातला शॉवर दांड्यावर वरखाली सरकणारा, हवा तसा वळणारा होता. तो बघता बघता त्यांना सुचलं की आरसे असेच दांड्यावर बसवून आत सरकवता येतील. नाण्याएवढ्या दहा आरशांचं ते उपकरण डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी बसवलं. पाच दिवस पाच अवकाशफेऱ्या. सोबत नवा कॅमेरा, ज्यात चष्मा आधीच बसवलेला होता. तोच हा, खांबांचा फोटो काढणारा, चार संवेदकांचा.

जानेवारी १९९४ मध्ये पत्रकारांसमोर आधीचं आणि नंतरचं अशी दोन चित्रं हातात धरून सांगायला कोण उभं राहिलं? मिकुल्स्कीच. दोन चित्रं शेजारी शेजारी. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता इथे थांबा, कारण दुरुस्तीच्या आधीच्याच शरद ऋतूत दुसरं एक यंत्र मेलं. टेक्सासमध्ये सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर नावाचा ८७ किलोमीटर घेराचा कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कण प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवणारं यंत्र, बांधला जात होता. अंदाज साडेचार अब्जांच्या आसपास सुरू झाला होता, तो अकरा अब्जांच्या पलीकडे गेला. ऑक्टोबर १९९३ मध्ये काँग्रेसनं तो बंद केला. दोन अब्ज खर्च झाले होते, तेवीसेक किलोमीटर बोगदा खणून झाला होता. तो तसाच सोडून दिला. हबलची दुरुस्ती दोन महिन्यांवर असताना.

त्वरक बंद पडण्याची कारणं पुष्कळ होती. व्यवस्थापन वाईट होतं, इतर देशांनी पैसे दिले नाहीत, शीतयुद्ध संपलं होतं. पण मला नेहमी वाटतं की त्याच्याजवळ दाखवायला चित्र नव्हतं. कण आदळल्यावर उठणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा कुणी घरात लावत नाही. त्या वेळी दुसऱ्या शाखांतले काही भौतिकशास्त्रज्ञही त्वरकाच्या विरोधात बोलले होते. हा राक्षस गेला की उरलेल्यांना चार घास जास्त मिळतील अशी आशा. ते घास काही आले नाहीत. तेल गेलं, तूपही गेलं.

उलट हबलचं बघा. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, सात जण गेले. जानेवारी २००४ मध्ये नासाचे प्रमुख शॉन ओकीफ यांनी जाहीर केलं की हबलची शेवटची दुरुस्ती मोहीम रद्द. अंतराळवीरांचा जीव धोक्यात घालायचा नाही. निर्णय अविचारी नव्हता. पण लोक खवळले. पत्रं, ईमेल, अग्रलेख, शाळकरी मुलं, सगळे दुर्बिणीच्या बाजूनं. एका यंत्राला वाचवण्यासाठी सामान्य माणसांनी असा गलका केल्याची उदाहरणं फार नाहीत. २००६ मध्ये पुढच्या प्रमुखांनी निर्णय फिरवला, मे २००९ मध्ये अटलांटिस गेलं आणि हबल पुन्हा नवी झाली.

हिशेबी माणूस इथे हात वर करेल, आणि त्यानं करावाच. शटलचा सगळा खर्च उड्डाणांवर वाटला तर एकेका फेरीला अब्ज डॉलरच्या वर पडायचे. अशा पाच दुरुस्ती फेऱ्या झाल्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तेवढ्या पैशात साध्या रॉकेटनं नव्या दुर्बिणी सोडल्या असत्या, असं म्हणणारे शास्त्रज्ञ होते आणि त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. पण नवी दुर्बीण सोडायला पैसे मिळाले असते का? लोकांचं प्रेम जडलं होतं ते याच दुर्बिणीवर.

आता वेब.

जानेवारी १९९६ मध्ये नासाचे तेव्हाचे प्रमुख डॅन गोल्डिन खगोलशास्त्रज्ञांच्या वार्षिक सभेत बोलत होते. शास्त्रज्ञांच्या समितीनं पुढच्या दुर्बिणीसाठी चार मीटरचा आरसा सुचवला होता. गोल्डिन म्हणाले, इतकं थोडं का मागता, सहा-सात मीटरचा का नाही? सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या वाजवणं सोपं असतं. तेव्हाचा अंदाज साधारण अर्धा अब्ज डॉलर आणि २००७ मध्ये उड्डाण. प्रत्यक्षात २५ डिसेंबर २०२१ ला फ्रेंच गयानातून ती निघाली आणि खर्च दहा अब्जांच्या आसपास गेला. वीसपट.

का एवढा? पहिलं कारण म्हणजे तिला थंडी लागते. अवरक्त प्रकाश म्हणजे उष्णतेचाच प्रकाश. दुर्बीण स्वतः कोमट असली तर स्वतःच्याच उजेडात आंधळी होईल. म्हणून तिला १५ लाख किलोमीटर दूर नेलं, टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री दिली, आणि एका उपकरणाला तर उणे २६६ अंशांपर्यंत गार केलं. दुसरं, ६.५ मीटरचा आरसा तेव्हाच्या कुठल्याही रॉकेटच्या टोपणात मावत नव्हता. मग बेरिलियमचे अठरा षटकोनी तुकडे करून घडी घालायची. वरचं सोनं किती? सगळं मिळून पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. लोक सोन्याचं ऐकून चमकतात. पैसा सोन्यात गेलेला नाही, माणसांच्या वर्षांत गेला. घडी उलगडताना ज्यांपैकी एक जरी बिघडलं तर सगळं संपलं असे ३४४ मुद्दे होते. हबलसारखं तिथे जाऊन स्क्रू पिळायची सोय नाही. त्यामुळे जमिनीवर तपासा, परत तपासा, परत.

२०१७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनला अपोलोच्या काळातल्या एका अवाढव्य निर्वात कोठीत दुर्बिणीची थंड चाचणी चालू होती, सुमारे शंभर दिवसांची. मध्येच हार्वी चक्रीवादळ आलं. शहर पाण्याखाली, आत दुर्बीण थंड ठेवलेली, द्रव नायट्रोजनचे टँकर पोचतील की नाही अशी धाकधूक. माणसं तिथेच मुक्काम ठोकून राहिली, छपरातून गळणाऱ्या पाण्यावरही लक्ष ठेवून. चाचणी थांबली नाही. असल्या गोष्टी फोटोत येत नाहीत.

पण सगळं असं वीरश्रीचं नव्हतं. हेही सांगितलं पाहिजे. २०१० मध्ये एका चौकशी समितीनं स्पष्ट म्हटलं की अडचण तंत्राची नाही, अंदाजपत्रक आणि कारभाराची आहे. खर्च सुरुवातीलाच कमी दाखवला गेला. जुलै २०११ मध्ये काँग्रेसच्या एका उपसमितीनं दुर्बीण बंदच करा असा प्रस्ताव आणला. ती वाचली, आठ अब्जांच्या मर्यादेवर. मग २०१८ मध्ये कळलं की चाचणीत हादरे दिल्यावर काही स्क्रू आणि नट गळून पडले, इंजिनाच्या झडपा चुकीच्या द्रावणानं धुतल्या गेल्या, छत्रीला चिरा गेल्या. अशा मानवी चुकांची किंमत सुमारे ६० कोटी डॉलर आणि दीड वर्ष, असं परीक्षण मंडळानं सांगितलं. साठ कोटी. हा आकडा लक्षात ठेवा, मला शेवटी लागणार आहे.

आता मोठ्यांचा प्रश्न. एवढ्या पैशात किती पोटं भरली असती?

हा प्रश्न नवा नाही. १९७० मध्ये झांबियात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती जोगिणीनं नासातले शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना तो पत्रानं विचारला होता: मुलं उपाशी असताना मंगळावर जायला अब्जावधी कसे मागता? श्टुलिंगर यांनी लांबलचक, प्रामाणिक उत्तर लिहिलं. त्यात भिंगं घासणाऱ्या माणसाला पोसणाऱ्या एका सरदाराची गोष्ट होती. लोक म्हणत होते रोगराई आहे, आमच्यावर खर्च कर, आणि त्या भिंगांतूनच पुढे सूक्ष्मदर्शक आला. पत्रासोबत त्यांनी काय पाठवलं माहितेय? चंद्राजवळून टिपलेला, पृथ्वी उगवतानाचा फोटो. म्हणजे शेवटी त्यांनाही फोटोच हाताशी लागला.

पत्र सुंदर आहे, पण त्यातला युक्तिवाद मला पुरत नाही. दुर्बिणीतून इतर फायदे निघतात हे खरं आहे. हबलसाठी सुधारलेले संवेदक स्तनांच्या तपासणीत कामाला आले. वेबचे आरसे मोजण्याची पद्धत डोळ्याच्या तपासणीत गेली. पण औषधोपचारच हवेत तर पैसे सरळ वैद्यकीय संशोधनाला द्या ना, आकाशातून वळसा कशाला? आणि या यादीत लोक वाट्टेल ते घुसडतात. टेफ्लॉन नासानं शोधलं नाही, ते १९३८ चं. तो चिकटणारा वेल्क्रोही नासाचा नाही.

दुसरा युक्तिवाद म्हणजे, अमेरिकेची एक विमानवाहू नौका तेरा अब्ज डॉलरची, मग दुर्बिणीवर का टीका? शेजाऱ्यानं जास्त उधळलं म्हणून आपली उधळण काटकसर ठरत नाही.

माझं उत्तर जरा वेगळं आहे आणि ते दुर्बिणीच्या चाहत्यांना फारसं आवडत नाही. दुर्बिणीचा पैसा गरिबाच्या ताटातून येत नाही. दुर्बीण रद्द केली म्हणून तो ताटात जातही नाही. टेक्सासच्या बोगद्यानं ते दाखवलंच. तो पैसा येतो दुसऱ्या दुर्बिणीतून.

वेबचा खर्च फुगत गेला तेव्हा नासाच्या खगोलशास्त्राची तिजोरी तेवढीच होती. नाकापेक्षा मोती जड झाला. २०११ मध्ये नासानं लिसा प्रकल्पातल्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. लिसा म्हणजे अवकाशात लाखो किलोमीटर अंतरावर तीन यानं ठेवून गुरुत्वीय लहरी ऐकायच्या. युरोपनं तो प्रकल्प धरून ठेवला. त्याला पक्की मंजुरी मिळायला जानेवारी २०२४ उजाडलं आणि उड्डाण २०३५ च्या सुमारास आहे. २०१० मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी सगळ्यात वर ठेवलेली मोठी अवकाश मोहीम, तीच आताची नॅन्सी रोमन दुर्बीण, तिचं कामही वेबमधून पैसा मोकळा होईपर्यंत रखडलं. तिचा आरसा कुठून आला ते ऐका. २०१२ मध्ये अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रह संस्थेनं नासाला सांगितलं, आमच्याकडे दोन दुर्बिणी वापराविना पडल्यात, हव्यात का? दोन्हींचे आरसे २.४ मीटरचे, हबलएवढे. ज्या आकारासाठी स्पिट्झर आणि बाकॉल दारोदार फिरले होते, तो दुसऱ्या खात्याच्या गोदामात जोडीनं पडून होता! हे वाचल्यावर मी बराच वेळ हसत होतो. नंतर हसू आलं नाही.

तर वेब बांधायला नको होती का? नाही, असं मी म्हणत नाही. जुलै २०२२ मध्ये तिचं पहिलं चित्र आलं, हातभर अंतरावर धरलेल्या वाळूच्या कणाएवढ्या आकाशात हजारो दीर्घिका, तेव्हा मीही सगळ्यांसारखा तोंड उघडं ठेवून बघत बसलो. महास्फोटानंतर २९ कोटी वर्षांनीच तयार झालेली दीर्घिका तिनं दाखवली. एवढ्या लवकर एवढी तेजस्वी दीर्घिका कशी, याचं नीट उत्तर अजून सापडायचंय. तिच्या वेळेसाठी काही फेऱ्यांत उपलब्ध तासांच्या सुमारे नऊपट मागणी आली आहे. माझी तक्रार तिच्याशी नाही. तक्रार एवढीच की चित्र बघताना आपल्याला त्याच्या मागची न काढलेली चित्रं दिसत नाहीत, आणि जिच्याकडे चित्रच नाही तिची बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

चंद्रा दुर्बिणीचं उदाहरण ताजं आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, १९९९ पासून क्ष-किरणांत आकाश बघणारी. वर आहे, चालू आहे, बांधणीचा खर्च कधीच होऊन गेलाय. मार्च २०२४ मध्ये तिचा वर्षाचा निधी ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणायचा प्रस्ताव आला. खगोलशास्त्रज्ञांनी विरोधात मोहीम उघडली. तुमच्यापैकी किती जणांना तिचं एखादं चित्र डोळ्यासमोर येतं? हात वर करा. ... दोन. तीन. हबलला वाचवायला जमलेला गलका आठवा आणि हे तीन हात बघा.

आता तो साठ कोटींचा आकडा. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या केप्लर दुर्बिणीचा सगळा खर्च साधारण तेवढाच होता. वेबमध्ये स्क्रू, झडपा आणि चिरा यांच्यात जेवढे गेले तेवढे. नासातले शास्त्रज्ञ विल्यम बोरुकी यांनी तिचा प्रस्ताव नव्वदच्या दशकात चार वेळा दिला, चारही वेळा नाकारला गेला. एवढी सूक्ष्म मोजणी जमणारच नाही, असं परीक्षकांना वाटत होतं. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर दुरून बघणाऱ्याला प्रकाशात बारा हजारांत एक भाग एवढी घट दिसेल, ती मोजायची. बोरुकींनी प्रयोगशाळेत खोटे तारे करून ते जमतं हे दाखवलं, आणि पाचव्यांदा होकार आला. मार्च २००९ मध्ये ती गेली. दीड लाख ताऱ्यांकडे टक लावून बसायचं आणि कुठला तारा किंचित मंद होतो ते टिपायचं, एवढंच काम. २०१८ मध्ये तिचं इंधन संपलं तोवर २६०० हून जास्त ग्रह सापडले होते.

ही माझी शेवटची स्लाइड. बघा, एक आडवी, थोडी थरथरणारी ठिपक्यांची रेघ. मध्ये इथे, बोट ठेवलंय तिथे, एक खळगी आहे. दर १३० दिवसांनी ती परत येते. ती खळगी म्हणजे एक ग्रह, पृथ्वीपेक्षा जरासा मोठा, दुसऱ्या ताऱ्याभोवती अशा अंतरावर फिरणारा की तिथे पाणी द्रवरूपात असू शकेल. २०१४ मध्ये जाहीर झालेला, अशा जागी सापडलेला पृथ्वीएवढा पहिला ग्रह. रंग नाही, खांब नाहीत.

मागच्या रांगेला दिसतेय का खळगी? पुढे येऊन बघितलंत तरी चालेल. मग दिवे लावू आणि प्रश्न घेऊ.